हात लावू नये

४ फेब्रुवारी

आज मोटरहोम मिळाली. मिळाली म्हणजे मिळवली. सकाळी नऊला बोलावलं होतं. मी आणि बाबा आठपासून शोरूमच्या दारात. शटर उघडलं तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. वॉचमन म्हणाला, साहेब चहाला गेलेत. चहाला!

गाडी पांढरी. इतकी पांढरी की बघताना डोळे बारीक करावे लागतात. आत ओटा, सिंक, कपाटं आणि पलंग. पलंग महत्त्वाचा. आईच्या मणक्याचं दुखणं असं आहे की तिला फार वेळ बसवत नाही, म्हणून ती किती वर्षं गावाबाहेर गेलेली नाही. बाबांनी निवृत्त झाल्याझाल्या ठरवलं होतं की हिला आडवं झोपवून समुद्राकाठी हिच्या बहिणीकडे नेईन. जन्मभर एकाच मार्गावर बस चालवली त्यांनी. म्हणतात, आता एकदा तरी मला हवा तो रस्ता धरीन.

सेल्सवालीने फोटोसाठी बॉनेटवर मोठी लाल रिबन चिकटवली होती. टेपने! नव्या गाडीवर! मी सांगितलं, काढा, पण नखाने नको. ती म्हणाली, सर, सगळे कस्टमर हौसेने फोटो काढतात. मी म्हटलं, सगळ्यांना फिनिश म्हणजे काय ते कळत नाही. तिने नखानेच काढली. पाठीमागे फलक, ‘हार्दिक शुभेछा’. ज्यांना एक जोडाक्षर सांभाळता येत नाही ते लोकांच्या गाड्या काय सांभाळणार?

बाबा गाडी चालवत घरी. मी मागून स्कूटरवर, खडे उडतात का ते बघत. एक ट्रक फारच अंगावरून गेला. नंबर टिपून ठेवला आहे.

संकल्प: मी जिवंत असेपर्यंत या गाडीवर ओरखडा पडणार नाही.

५ फेब्रुवारी

मावसभावाचा फोन. मावशीचं विसरणं वाढलं आहे. परवा त्यालाच विचारत होती, आपण कुणाकडे आलात? पण धाकट्या बहिणीची, म्हणजे आईची, आठवण पक्की आहे. धाकटी कधी येणार, हे रोज विचारते. तो म्हणाला, यायचं तर आत्ता या.

आईने लगेच पिशवी काढली. मी शांतपणे समजावून सांगितलं की आधी धुणं, मग वॅक्स, वॅक्सवर कोटिंग, आणि कोटिंग मुरायला वेळ. समुद्राचा खारा वारा उघड्या फिनिशला खाऊन टाकतो. माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. बाबा म्हणाले, किती वेळ लागेल? मी म्हटलं, आठवडाभर, फार तर. मावशी काय कुठे पळून चालली आहे?

मावशीला माझ्याशी बोलायचं होतं. माझा टिल्लू कुठे आहे, असं चाललं होतं तिचं. माझ्या हातात ओले रबरी मोजे. म्हटलं, नंतर बोलतो.

लहानपणी मी अक्षरं उलटी काढायचो. मास्तर छडी मारायचे. मावशी मात्र आल्यागेल्याला सांगायची, आमच्या टिल्लूला उलटंसुद्धा वाचता येतं! शाळा अर्धवट सुटली, पण ती विद्या कामी आली. रबरी शिक्क्यांच्या दुकानात उलटी अक्षरं माझ्याइतकी झरझर कुणी वाचत नाही. मालकसुद्धा नाही. शुद्धलेखनाबद्दल तर बोलायलाच नको.

७ फेब्रुवारी

संताप. टपावर कावळा. हुसकावला तर जाताजाता कार्यभाग उरकून गेला. शेजारच्या काकांच्या झाडावर त्याचं घरटं आहे. हे काका दिवसभर तोंडाने शिट्टी वाजवत फिरतात, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीकाका म्हणतो. त्यांना म्हटलं, ती फांदी छाटा. म्हणाले, अरे, पिल्लं आहेत, उडून जाऊ देत, मग बघू. मी म्हटलं, काका, माझीही गाडी नवीन आहे. ते म्हणाले, ती कधी उडणार? आणि शिट्टी वाजवत आत गेले.

या माणसाला मी इतकी वर्षं वाकून नमस्कार करत आलो!

९ फेब्रुवारी

उजव्या बाजूला, माझ्या नजरेच्या उंचीवर, एक डाग. करडा, डाळीएवढा. पुसला, जात नाही. शॅम्पूने जात नाही. विचित्र म्हणजे जरा मान हलवली की डागही जागा बदलल्यासारखा वाटतो. रंगाच्या आतल्या थरातला दोष असणार. असे दोष फसवे असतात.

ताईला दाखवला. ताई लग्न होऊन दोनच गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे येऊन टोमणे मारून परत जायला तिला सोयीचं पडतं. म्हणाली, मला काही दिसत नाही. दिसणार कसं? ती बघत होती गाडीकडे, पण बोलत होती माझ्याबद्दल. गाडी आणलीस की काचेची बरणी, म्हणाली. बोलताना पर्स दाराला टेकवली. पर्सला धातूची चेन! मी ओरडलो. ती म्हणाली, तुझं लग्न होणं अवघड आहे.

१० फेब्रुवारी

शोरूमवर धडकलो. सोबत बाबा, कारण गाडी तेच चालवू शकतात. मॅनेजरला डाग दाखवला. त्याला दिसेना. मला तर ढळढळीत दिसत होता. तेवढ्यात बाजूच्या गाडीकडे लक्ष गेलं. तिच्यावरही डाग! पलीकडच्या गाडीवरही! अगदी त्याच उंचीवर! मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं की हा कारखान्यातला घोटाळा आहे, अख्खी खेप सदोष आहे. दोन गिऱ्हाइकं उठून बघायला आली.

मॅनेजरने नम्रपणे माझा चष्मा मागितला. रुमालाने पुसून परत दिला. बघतो तर डाग नाहीसा. कुठल्याच गाडीवर नाही. मी चष्म्याविना आंधळा झालो होतो तेवढ्या वेळात त्यांनी माणसं लावून सगळ्या गाड्या साफ करून घेतल्या असणार. काय चपळाई आहे लुच्च्यांची!

येताना बाबांनी नजर रस्त्यावरच ठेवली. खांदे मात्र हलत होते. त्यांनाही राग आलेला दिसला.

१२ फेब्रुवारी

वॅक्स. गोल गोल घासायचं, दाब सारखा ठेवायचा. हात भरून आले. बाबा मदतीला आले ते जुनं बनियन घेऊन. म्हणाले, आम्ही बस यानेच पुसायचो, आरशासारखी चमकायची. मी म्हटलं, बाबा, ती बस होती. त्यांनी बनियनची घडी करून खिशात ठेवली.

कडक बोलावं लागतं. इलाज नाही.

१४ फेब्रुवारी

दुपारी जेवायला घरी आलो तर गाडीच्या पायरीपाशी आईच्या चपला. आत आई पलंगावर डोळे मिटून पडलेली. कुणाला न विचारता! म्हणाली, कसं वाटतं ते बघत होते रे, डोळे मिटले की चालू लागल्यासारखं वाटतं. मी विचारलं, आत चढताना कुठे हात टेकलास? तिला आठवेना. सगळी चौकट पुन्हा पुसावी लागली. दुकानात उशीर, मालकांची बोलणी.

आठवडा होऊन गेला असं बाबा म्हणतात. आठवडा मी अंदाजे सांगितला होता. अंदाज हा अंदाज असतो.

१६ फेब्रुवारी

कोटिंग काल लावून झालं, आज कव्हर आलं! अख्ख्या गाडीचं, करड्या रंगाचं, आतून मऊ. पण कव्हर घालून तरी काय? दूधवाला त्यावर हात टेकून हिशेब करतो. पोस्टमन त्यावर कागद ठेवून सही घेतो. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याला पाठ लावून पाठ खाजवतात. मी स्वतः पाहिलं.

उपाय माझ्याकडेच होता. दुकानात मोठ्या रबरी शीटमधून एक शिक्का कापला, एकेक अक्षर तळहाताएवढं: ‘हात लावू नये’. लावूमधला ऊ दीर्घ. पुष्कळ लोक इथे चुकतात. मालक म्हणाले, एवढा मोठा शिक्का कुठल्या खात्याचा रे? मी म्हटलं, सुरक्षा खात्याचा. पोत्यांवर मारतात ती पक्की शाई घेतली. ती कधीच जात नाही. कव्हर अंगणात पसरलं आणि चारही बाजूंना छाप मारले. शिक्क्यावर उभं राहून, दोन्ही पायांनी दाब देऊन. अक्षरं कशी मोत्यासारखी उठली आहेत!

शाईच्या डब्यावर लिहिलं आहे की कापड कडक उन्हात पूर्ण वाळवावं. उन्हाने कव्हरचा रंग उडाला म्हणजे? सावलीत वाळत घातलं.

१९ फेब्रुवारी

महत्त्वाचा दिवस. सकाळी गाडी धुतली. कोरडी करायला घेतली तोच कावळा फांदीवर येऊन बसला आणि खाली बघायला लागला. त्याची नजर मी ओळखतो. तसंच ओल्या गाडीवर कव्हर चढवायला घेतलं.

इथे एक गोष्ट सुचली, जी माहितीपत्रकातही नाही. कव्हरची बाहेरची बाजू नवीकोरी आहे. तीच बाहेर ठेवली तर धूळ, ऊन, कावळा, सगळं तिच्यावर. कव्हरच्या फिनिशची काळजी कोण घेणार? म्हणून कव्हर उलटं घातलं. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. आता दोन्ही सुरक्षित. दोऱ्या घट्ट आवळल्या.

ताई म्हणाली, मग तुझी सूचना वाचणार कोण? मी म्हटलं, आतून तर आहेच ना. ताईने कपाळाला हात लावला. गाडीला नाही लावला, एवढं पुरे.

२१ फेब्रुवारी

पुन्हा मावसभाव. मावशी आता विचारते, धाकटी येऊन गेली का? मी झोपले होते का तेव्हा? आई फोन ठेवून बराच वेळ तिथेच भिंतीला धरून उभी राहिली.

बाबा म्हणाले, परवा निघू. मी म्हटलं, अशक्य. कोटिंग अजून मुरतं आहे, मध्ये उघडलं तर सगळी मेहनत मातीत. त्यातून तिकडचा वारा, तिकडची वाळू. महिनाअखेर बघू. बाबा म्हणाले, बरं. 

एकदाचं पटलं. शांतपणे, मुद्देसूद बोललं की पटतं.

२३ फेब्रुवारी

घरात विचित्र वातावरण. बाबा टायरमधली हवा तपासत होते. निवृत्त माणसाला काहीतरी चाळा लागतो. आई डबे भरते आहे, सगळे लहान, झाकणाचे. स्वयंपाकघर आवरायला काढलेलं दिसतं. ताई दोन उशा आणि एक रजई देऊन गेली. म्हणाली, माझ्याकडे जास्त झाल्या होत्या. आज टोमणासुद्धा नाही. उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, उद्या दुकानात जाणार आहेस ना नक्की?

माझ्या कामाची कदर व्हायला लागली आहे.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

गाडी नाही.

अंगणात गाडीच्या आकाराची स्वच्छ जागा आणि शेजारी कव्हर. आईने त्याची चादरीसारखी घडी घातली आहे, वर शॅम्पूची बाटली. फांदीवर कावळा.

ताई पायरीवर बसली होती. मला बघून हसायला लागली, थांबेचना. दाजी आत जाऊन हसत होते, तरी ऐकू येत होतं. शेवटी डोळे पुसत ताईने सांगितलं. सकाळी मी दुकानात गेल्याबरोबर बाबांनी कव्हर काढलं. ओल्या गाडीला शाई चिकटून आत पक्की बसली होती. गाडीच्या चारही बाजूंना, तळहाताएवढ्या काळ्याभोर अक्षरांत, ‘हात लावू नये’. आणि तेही उलटं.

साहजिकच उलटं. छाप अंगावर उठला की उलटाच उठणार. हे कळायला दुकानात असावं लागत नाही.

बाबांनी बनियनने घासून पाहिलं. गेलं नाही. मग आईकडे बघितलं. आई म्हणाली, मला आतून दिसणार आहे का ते? चला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ताई म्हणाली, सांगितलं असतं तर तू चाकाखाली आडवा झाला असतास. मी म्हटलं, अर्थात!

दोष शाईचा आहे. पक्की असं लिहून विकायची आणि लागेल त्याला चिकटायची. हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. दोष पाण्याचाही आहे. शिट्टीकाकांचा तर सर्वांत आधी. तो कावळा नसता तर गाडी कोरडी झाली असती. त्यांना भिंतीवरून ओरडून सांगितलं. ते म्हणाले, पिल्लं आज उडाली रे. तुझंही उडालं म्हणे?

उद्या पहिल्या बसने मागोमाग. दुकानातून शिक्के धुवायचं द्रावण घेतलं आहे. भली भली शाई उतरवतं. सोबत कापडं, बादली. मालकांना रजा हवी म्हटलं, त्यांनी कारणही विचारलं नाही. पाठमोरे झाले आणि खांदे हलायला लागले. या शहरात सगळ्यांचे खांदे का हलतात?

२५ फेब्रुवारी

बसमध्ये. मांडीवर बादली. शेजारचा म्हणतो, खाली ठेवा की. खाली ठेवली तर कापडांना धूळ लागेल. त्याने जागा बदलली.

बाबांना फोन लावला. बोलायचं ते सगळं तयार होतं. बाबांचा आवाज असा की मी ओळखलाच नाही, विशीतला माणूस बोलावा तसा. अरे, काय रस्ता मिळतोय! हॉर्नसुद्धा मारावा लागत नाही, पुढच्या गाड्या आपोआप बाजूला होतात. एक ट्रकवाला तर खिडकीतून हात जोडून गेला. काय भानगड आहे कळत नाही.

मला कळलं. पुढच्यांना त्यांच्या आरशात ते सरळ दिसतं आहे. सुवाच्य आणि शुद्ध.

म्हणजे माझी सूचना परिणामकारक आहे. हे कुणी मान्य करणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आई कशी आहे विचारलं. म्हणाले, झोपली आहे, घाट आला तरी उठली नाही. मग रागवायचं राहून गेलं. रेंज गेली.

२६ फेब्रुवारी

पोचलो. मावशीच्या दारासमोर गाडी वाळूत, वाऱ्याच्या तोंडावर. ना आडोसा, ना कव्हर. टपावर समुद्रपक्षी, कावळ्याच्या दुप्पट आणि दुप्पट निर्लज्ज. अंगावर मिठाचा थर. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने मासा काढलेला. आणि समोर ठसठशीत, उलटं, एकही मात्रा न चुकलेलं.

आधी आत जाऊन बोलणार होतो. सडकून. बसमध्ये पाठ केलं होतं. दारातून डोकावलो तर पलंगावर आई आणि मावशी शेजारीशेजारी उताण्या, दोघींचे पाय भिंतीला लावलेले, तळपाय काळेकुट्ट. कशाला तरी हसत होत्या. आईला असं हसताना मी पाहिलेलं नाही. माझ्या स्वच्छ भिंतीला चार तळपाय.

बाबांनी ओठांवर बोट ठेवून मला बाहेर ओढलं. म्हणाले, काल दारातच ओळखलं तिने. किती उशीर केलास म्हणून तुझ्या आईला रागावली. रात्रीतून पुन्हा विसरली. आज सकाळी परत ओळखलं. आता चालू आहे तोवर चालू दे.

तू काय बोलायला आला होतास, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीठ आधी उतरवायला हवं.

बादली भरली. बाजू धुतल्या, पुसल्या. मग समोरच्या अक्षरांना द्रावण लावलं. अक्षरं गेली नाहीत. भोवतीची चमक मात्र गेली. आता मंद पांढऱ्यावर ती आणखी उठून दिसतात. द्रावणाच्या कंपनीला कडक शब्दांत लिहिणार आहे.

घासत होतो तोवर मावशी बाहेर आली. एका हाताने आईचा दंड धरलेला. किती लहान झाली आहे. सरळ गाडीपाशी येऊन तिने दुसरा हात समोर अक्षरांवरच टेकला. हाताला ओली वाळू. माझ्या तोंडून शब्द निघणार होता. मी कापड बादलीत बुडवलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग बादलीकडे, मग कापडाकडे. म्हणाली, नीट पूस हो. आमच्या धाकटीची गाडी आहे.

आई म्हणाली, अगं, हा आपला... मावशीचं लक्ष अक्षरांकडे गेलं होतं. त्यांवरून बोट फिरवत तिने मला विचारलं, हे काय लिहिलंय रे इथे?

मी म्हटलं, कंपनीचं नाव असेल.

असं उलटं?

असतं कधीकधी, मी म्हटलं.

राहू दे, तुला नाही जमायचं, ती म्हणाली. आमचा टिल्लू येणार आहे, कामात असतो बिचारा. त्याला उलटंसुद्धा वाचता येतं. आला की त्याला विचारीन.

मी म्हटलं, विचारा.